लस थंड हवी, गोठलेली नको

लस जितकी थंड तितकी चांगली, असा समज सर्रास आढळतो. कुत्रा चावल्यावर औषधाच्या दुकानातून लस घेताना ‘बर्फ जरा जास्त टाका’ असा आग्रह धरणारे पुष्कळ असतात. काहीजण ती घरी नेऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. हेतू चांगला, परंतु परिणाम उलटा.

पल्स पोलिओच्या दिवशी बर्फाचा डबा घेऊन बसलेले कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. कदाचित हा समज तिथूनच रुजला असावा. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस गोठली तरी बिघडत नाही. मोठ्या साठवणगृहांत ती उणे १५ ते उणे २५ अंश सेल्सिअसमध्येच ठेवतात. पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, धनुर्वात-घटसर्प या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लस गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि ती वितळल्यावरही पूर्ववत होत नाही. अशी लस दिली तर बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर नोंदही होते, पण संरक्षण मिळेलच याची खात्री राहत नाही.

प्रत्येक लसीची थंडी वेगळी. महाळुंगे गावाच्या शेजारी, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने देशातील पहिली एमआरएनए कोविड लस बनवली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. फायझरच्या याच प्रकारच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती. जेनोव्हाची लस २ ते ८ अंशांत टिकते. खेड्यापाड्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन पेट्या दिसतात. डीप फ्रीजर बर्फाच्या पिशव्या गोठवण्यासाठी असतो, लसीसाठी नव्हे. लस ‘आयएलआर’मध्ये ठेवतात. या पेटीच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असल्याने वीज गेली तरी आतली थंडी काही तास टिकते. झाकण वरून उघडते, त्यामुळे जड थंड हवा बाहेर सांडत नाही. तळाशी थंडी सर्वांत जास्त, म्हणून गोठून बिघडणाऱ्या लसी वर, टोपलीत ठेवतात. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा होते, सुट्टीच्या दिवशीही.

खासगी दवाखान्यांत शक्यतो लसीसाठीच बनवलेला फ्रीज घ्यावा. साधाच फ्रीज असेल तर त्यात जेवणाचा डबा नको. लस मधल्या फळीवर ठेवावी, दारात किंवा बर्फाच्या कप्प्याजवळ नको. आत थर्मामीटर हवाच. खालच्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर थंडी टिकते. बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की तो काढावा, आणि प्लगजवळ ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी लावावी.

सरकारी लसीच्या बाटलीवर वर्तुळात एक चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस वापरतात. परंतु ही खूण उष्णता दाखवते. लस गोठली होती का, हे ती सांगत नाही. म्हणून थर्मामीटरला पर्याय नाही.

पालकांनी लस बर्फाला चिकटवून आणू नये. शक्यतो दवाखान्यातीलच लस घ्यावी. ‘डॉक्टर, फ्रीजचे तापमान किती आहे?’ असे विचारायला संकोच करू नका. नोंदवही नीट ठेवणाऱ्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.