चारही चाकांना ताकद: एम५चा तोडगा

ऑडीने १९८० साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वाट्रो’ मांडल्यापासून वेगवान गाडीची ताकद चारही चाकांना द्यावी की केवळ मागच्या दोन चाकांना, हा वाद धगधगत राहिला आहे. बीएमडब्ल्यूच्या २०१७ मधील एम५चे इंजिन ६०० अश्वशक्तीचे असून त्याचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, ७५० न्यूटन-मीटर आहे; एवढा पीळ मागच्या दोनच टायरांवर आला, तर ओल्या रस्त्यावर ते जागीच घसरू लागतात. म्हणून या पिढीत प्रथमच ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समागून पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग, बसवला गेला. तरीही स्थैर्यनियंत्रण बंद करून गाडी निव्वळ मागच्या चाकांवर चालवण्याची सोय ठेवली गेली, आणि हा तोडगा कट्टर शौकिनांची तोंडे बंद करणारा ठरावा. पुढच्या ॲक्सलचे जादा वजन मात्र कोणत्याही बटणाने उतरत नाही. पोर्शची ९११ जीटी३ म्हणूनच आजही मागच्याच चाकांवर धावते, तर ९११ टर्बोला १९९५ पासून चारही चाकांची ताकद मिळते. उत्पादकांनी दोन्ही आवृत्त्या द्याव्यात हेच इष्ट. बीएमडब्ल्यूच्या २०२१च्या एम३मध्ये तशी निवड आहे, परंतु मॅन्युअल गिअर हवा असल्यास चारचाकी ताकदीचा पर्याय मिळत नाही, ही अट विनाकारण जाचक वाटते.