प्रेरणा पुस्तकातून, बळ संघटनेतून

आपल्या वस्तीतल्या मुली हल्ली स्त्रियांसाठीची प्रेरणादायी पुस्तके वाचतात. जरूर वाचावीत, पण पारखून.

शेरिल सँडबर्ग यांचे 'लीन इन' (२०१३) घ्या. तेव्हा फेसबुकमध्ये मोठ्या पदावर असलेल्या सँडबर्ग सांगतात: बैठकीत कडेला नको, टेबलाशी बसा, घरकामात जोडीदाराला खरा भागीदार करा. सल्ला उपयोगी आहे. बुजणारी मुलगी तो वाचून बोलायला धजते. पण जातीमुळे जिला भाड्याने घर मिळत नाही, तिचा अडथळा मनातला नाही. वंश आणि वर्गाचा प्रश्न बाजूला राहतो, असा आक्षेप अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत बेल हुक्स यांनीही या पुस्तकावर घेतला होता.

आपली वाट वेगळी आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. बाबासाहेबांनी स्त्रियांना आत्मविश्वास दिला. परिषदेने घटस्फोटाचा हक्क, कामगार स्त्रियांना रजा असे ठरावही केले.

म्हणून पुस्तक एकटीने वाचू नका. विहारात पाचजणी बसा आणि दोन प्रश्न विचारा: मी काय बदलेन? आणि आपण मिळून काय मागणार?