गिरणीवाल्याच्या घरचं वेळापत्रक

पहाटे ५.३०

आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. सात वर्षांचा पोऱ्या जागा झाला की पलंगावरून फरशीवर पहिली उडी पडते आणि खाली गिरणीत फळीवर ठेवलेले रिकामे डबे वाजतात. दुसरी उडी पडायच्या आत मी गोधडी अंथरतो. जुन्या लुगड्यांचे थर घालून मायने शिवलेली, चांगली जड गोधडी आहे. तो एका टोकाला आडवा होतो, मी त्याला गुंडाळत नेतो. डोकं आणि मान बाहेर. मग लोडाने खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत दाबत जायचं. "पप्पा, आजून जोरात." पाठीवर दाब चालतो, पण माझा सगळा भार त्याच्या अंगावर कधीच टाकायचा नाही. तोंड झाकायचं नाही. "बस" म्हणाला की लगेच उलगडायचं. त्याचं त्याला बाहेर येता आलं पाहिजे. ही गुंडाळी झोपेत कधीच नाही आणि घरातल्या मोठ्या माणसाशिवाय नाही.

यानंतर तो दात घासायला चालत जातो. चालत. बाकीच्या घरांत ही काही सांगायची गोष्ट नसेल.

६.१५

नळाला पाणी आलं असेल तर त्याचं काम ठरलेलं: छोट्या बादलीने मागच्या दारच्या कढीपत्त्याला आणि जास्वंदीला पाणी. वजनाला आम्ही दप्तराचाच नियम लावतो. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं म्हटलंय. हा एकवीस किलोचा, म्हणून बादलीसकट दोन किलो. ओढायच्या-ढकलायच्या कामात जास्त चालतं, कारण तिथे भार जमीन घेते.

सांडतं. सांडू द्यायचं.

७.००

स्वयंपाकघर हिच्या ताब्यात असतं, पण कळण्याचं पीठ मळायला परात याच्याकडे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं हे पीठ घट्ट असतं, तळहात आणि कोपर दोन्ही लागतात. त्याच्या हातची भाकरी कधी गोल होत नाही, ती तोच खातो. ठेच्याला हात लावत नाही, लोण्याला नाही म्हणत नाही.

खाण्याचा भाग आम्हाला उशिरा कळला. गणवेशाच्या सगळ्या कॉलरी चघळून चिंध्या व्हायच्या. जबड्यालाही स्नायू असतात, त्यांनाही काम लागतं, हे जळगावच्या थेरपिस्ट बाईंनी सांगितलं. आता न्याहारीला मऊ पोहे नाहीत. तव्यावर कडक केलेली भाकरी असते, फुटाणे असतात, हंगामात उसाचं कांडकं. बसून खायचं, उड्या मारताना तोंडात काही नाही. कॉलर अजून ओली होते, पण आता तिला भोकं पडत नाहीत.

१०.१५

शाळेपर्यंत सायकल हातात धरून ढकलत जायची, बसायचं नाही. जिल्हा परिषदेची शाळा जवळ आहे आणि वाटेत थोडा चढ लागतो. तो चढ आम्ही मुद्दाम घेतो, सरळ रस्ता दुसऱ्या बाजूने आहे.

वर्गात बाई त्याला हजेरीआधीच कामाला लावतात. वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेणं, फळा पुसणं, बाक सरळ करणं. बाईंचं मला एक आवडलं. ही कामं त्या शिक्षा म्हणून देत नाहीत, बक्षीस म्हणूनही नाही. गडबड सुरू व्हायच्या आधी देतात. गडबड झाल्यावर काम दिलं तर पोरगं शिकतं की काम हवं असेल तर गडबड करावी. आणि खोडी काढली म्हणून मधल्या सुट्टीत बसवून ठेवणं म्हणजे ज्याला धावायची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचंच धावणं कापणं. असं करणारी शाळाही आम्ही पाहिली, ती कोणती ते राहू द्या.

११.००

गिरणी सुरू. दहा-बारा डबे रांगेला लागतात आणि त्यांच्यामागे बायाबापड्या. पोऱ्या शाळेत असला तरी विषय त्याचाच निघतो, कारण बहुतेकींना त्याने कधी ना कधी धडक दिलेली आहे.

"हाऊ पोऱ्या भलता वांड शे, भाऊ."

माय ओट्यावरून उत्तर देते, "वांड नही शे वं, त्याले काम पुरस नही."

मायला एअर्स बाई ठाऊक नाहीत. जीन एअर्स या कॅलिफोर्नियातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञ, जन्म १९२०, मृत्यू १९८८. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्यापलीकडे शरीर मेंदूला आणखी दोन प्रकारच्या खबरा पाठवत असतं, आणि मुलाचं शिकणं-वागणं त्यांच्यावरही उभं असतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. एक खबर स्नायू आणि सांध्यांची: हात कुठे आहे, किती जोर लागतोय. दुसरी कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांची आणि त्यांच्या शेजारच्या अवयवांची: आपण फिरतोय, झुकतोय की पडतोय. त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. काही मुलांना या खबरा नेहमीपेक्षा जास्त लागतात. ती भिंतीला धडकतात, उंचावरून उड्या मारतात, दुसऱ्याच्या अंगावर लोळतात. वजन उचललं, ढकललं, ओढलं, चावलं की स्नायू-सांध्यांची खबर भरपूर जाते आणि बरीच मुलं निवळतात. हे मी गिऱ्हाइकांना सांगत बसत नाही. दळण थांबतं.

सांगतो ती गोष्ट वेगळी, ती मात्र सगळ्यांना कळते. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन बाई स्वतः ऑटिझम असलेल्या. मावशीच्या ॲरिझोनातल्या गोठ्यावर त्यांनी पाहिलं की लस टोचायला गाय खोड्यात घेतली की काही गाई निवांत होतात. आपल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या खोड्यात जनावर नुसतं अडकतं. तिथल्या खोड्याच्या दोन्ही बाजू अंगाला दाबून बसायच्या. ग्रँडिन बाईंनी स्वतःसाठी तसं दाबयंत्र बनवलं, दाब किती हे स्वतःच्या हातात ठेवलं. पुढे त्या जनावरांच्याच प्राध्यापक झाल्या. हे ऐकल्यावर एक म्हातारे बाबा म्हणाले, "मंग गोधडी बरी." मलाही तेच वाटतं.

पण दुसरी बाजूही याच वेळी लिहून टाकतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, आपल्या डॉक्टरांना सांगितलं की 'संवेदन-प्रक्रियेचा विकार' हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका, त्यामागे दुसरं काही आहे का ते तपासा, आणि या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना स्पष्ट सांगा. वजनदार जाकिटांबद्दलचे निष्कर्ष तर फारच ढिले आहेत. म्हणून हजारोंची जाकिटं आणि गोल फिरणारे पाळणे मागवणाऱ्यांना माझं म्हणणं असं की आधी घरातली गोणी ओढून पाहा. आठवड्या-दोन आठवड्यांनी फरक दिसतो का, आणि नेमका कशात दिसतो, ते वहीत लिहा. गिरणीवाल्याला वहीची सवय असतेच. नुसतं 'शांत झाला' लिहून भागत नाही. जेवताना ताटावरून किती वेळा उठला, हे लिहिता येतं.

आमचं सुरू झालं ते शाळेत तपासणीला आलेल्या पथकामुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं ते पथक. हा कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात फुकट होते. डॉक्टरांनी कान, डोळे, बोलणं पाहिलं, पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली. त्यांच्या मते याला ऑटिझम नाही. ज्या मुलांना असतो त्यांच्याही बाबतीत संवेदनांचा हा कमी-जास्तपणा २०१३ पासून निदानाच्या निकषांत धरतात, म्हणून मोठ्या माणसांनी घरी बसून ठरवू नये. मग पाचोऱ्याहून गाडीने जळगाव, थेरपिस्ट बाई. व्यवसायोपचाराचा अभ्यासक्रम आपल्याकडे आणला तो कमलाबाई निंबकरांनी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली. मूळच्या अमेरिकन, सून झाल्या महाराष्ट्राच्या. आपल्या तालुक्यापर्यंत तो अजून पोचतोच आहे. म्हणूनच जळगावच्या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमचा धंदा काय?" गिरणी म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, मग तुम्हाला माझ्याकडे दर आठवड्याला यायची गरज नाही.

दुपारी ४.४५

दिवसातला सगळ्यात वाईट तास. दिवसभर वर्गात आवरून धरलेलं सगळं दारातच सुटतं. दप्तर एका कोपऱ्यात, चप्पल दुसऱ्या. याच वेळी संध्याकाळच्या दळणाची गर्दी.

गिरणीत पिवळ्या रंगाची रेघ मारली आहे. पट्टा, मोटर आणि दगड रेघेच्या पलीकडे, पट्ट्याला लोखंडी जाळी. पोऱ्या अलीकडे. ही रेघ ओलांडली की मी स्विच पाडतो आणि सगळ्यांची दळणं थांबतात, मग बायाच त्याला बोलतात. मला बोलावं लागत नाही. गिरणीचा थरथराट त्याला फार आवडतो. जोत्याच्या भिंतीला पाठ लावून तो डोळे अर्धे मिटून उभा राहतो. आणि हाच पोरगा कुकरची शिट्टी झाली की कान झाकून पळतो. एखादं मूल एका संवेदनेच्या मागे धावतं आणि दुसरीपासून दूर पळतं, हे एकाच अंगात मावतं. थरथराट आवडतो म्हणून ढोलापुढे नेऊन उभं केलं, असं करू नये.

काम असं. दारापासून रेघेपर्यंत गोणपाट पसरलेलं, त्यावर गव्हाची अर्धी गोणी. तो दोरी कमरेला नाही, हातात धरून मागे रेलून ओढतो. परत नेताना ढकलतो, तळहात टेकवून, पाय मागे रोवून. मधे छोटे डबे पोचवायचे. शेजारच्या काकू मुद्दाम पाव-अर्धा किलोचे मसाल्याचे डबे वेगळे आणतात, "माझा हमाल कुठे गेला?" विचारत. श्रावणात कानबाईच्या रोटांचं दळण येतं तेव्हा त्याला उसंत मिळत नाही आणि ते त्याचे सगळ्यात चांगले दिवस असतात. पोराकडून दुकानात काम करून घेतो असं म्हणणारेही भेटले. उत्तर सोपं आहे. गल्ला माझा चालायचा असता तर मी गोणी तिथल्या तिथे मागे-पुढे ओढवली नसती.

वीज गेली तर भिंत. दोन्ही तळहात भिंतीला, "भिंत मागे सरकव." सरकत नाही म्हणून तो चिडत नाही, उलट रोज तपासतो सरकली का.

६.००

बाहेर. गिरणेच्या पात्रात वाळूत खणायला पूर्वी आम्हीही जायचो. आता वाळू उपशाने जिथे तिथे खड्डे आहेत, पाणी सुटलं की ते दिसतही नाहीत. तिकडे मी कुठलंच पोर नेत नाही, मग मनात कितीही असो. मैदानावर मी त्याचे पाय धरतो, तो हातांवर चालतो. रस्सीखेच, लंगडी. झाडावर चढणं, खाली मी उभा.

झोक्याची गोष्ट मात्र बारकाईने पाहावी लागते. सरळ मागे-पुढे संथ झोक्याने बरीच मुलं स्थिरावतात. दोरीला पीळ देऊन गरगर फिरवलं की कानाच्या आतलं पाणी थांबायला वेळ लागतो, आणि आमचा तर त्यानंतर तासभर हाती लागत नाही. आखाजीला माहेरवाशिणींसाठी निंबाला झोके बांधतात, तेव्हा आम्ही याला झोक्यावर बसवायचं कमी केलं, झोका द्यायला लावलं. आत्याला ढकलणं हे खरं वजनाचं काम. आत्यालाही तक्रार नाही.

कापसाच्या दिवसांत आणखी एक सोय होते. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो, त्या ढिगात उडी मारण्याइतकं सुख दुसरं नाही. पण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आणि याची त्वचा आधीच नखरेल. ढिगाला चादर घालून एकच फेरी, मग आंघोळ. ढिगात डोकं खाली घालून सूर मारायचा नाही.

७.३०

अभ्यास. बसायला कोंड्याची भरलेली उशी, मांडीवर ज्वारी भरून शिवलेली किलोभराची पिशवी. पिशवीने फरक पडतो की मी शेजारी बसल्याने, याचा वाद हिच्यात आणि माझ्यात चालू आहे. पाढे उभ्याने, चेंडू भिंतीवर मारत. गणित येतं. अक्षर वाईट आहे, पेन्सिलीवर जोर एवढा की टोक मोडतं, म्हणून आम्ही जाड पेन्सिली आणतो.

९.००

माय त्याचे पाय चेपते. तिने घरातली सगळी बाळं चोळली आहेत, तिला हात कसा ठेवायचा ते शिकवावं लागलं नाही. हलका हात फिरवला की त्याला गुदगुल्या होतात आणि तो उठून बसतो. दाब घट्ट हवा, संथ हवा, खालून वर. टीव्ही बंद. गोष्ट सांगताना आवाज चढवायचा नाही, राक्षसाचासुद्धा. काही रात्री हे सगळं करूनही दहा वाजता तो पलंगावर उभाच असतो. तेव्हा पुन्हा गोधडी.

९.४५

उद्या कजगावला लग्न आहे, त्याचं ठरवून झोपायचं. लवकर उठून गोणी ओढूनच निघायचं. नवे कपडे तिथे गेल्यावर घालायचे, कॉलरवरचं लेबल ही आताच कापते आहे. पंगतीला वरण-बट्टीच्या वेळी पाण्याचे जग फिरवायचं काम याचं, जग अर्धे भरलेले. डीजे लागला की मी याला घेऊन मंडपामागे, जिथे खुर्च्यांच्या चळती लावतात तिथे. मंडपवाल्याशी फोनवर बोललो. त्याच्याकडे उद्या दोन माणसं कमी आहेत. म्हणाला, पाठवा.