दाबायचं की फिरवायचं?

प्राध्यापकाच्या हातात खडू शोभतो, पाना नाही, असं आमच्या घरात सर्वांचं ठाम मत आहे. मला ते मान्य नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांची घरघर ऐकत वाढलेल्या बेळगावकराला हत्यारांचं थोडंफार वेड असतंच. आमच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी दोनदा अंगणातच बदलले होते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि दाजी पणजीहून आले आणि 'मागच्या चाकातून करकर येते रे,' असं दाजी म्हणाले, तेव्हा मी लगेच बाह्या सरसावल्या.

काम तसं समजायला सोपं आहे. पॅड झिजत जातो, तसा कॅलिपरमधला पिस्टन थोडा थोडा बाहेर येत राहतो आणि त्याच्यामागे ब्रेक ऑइल भरत जातं. नवा पॅड जाड असतो. तो बसायचा, तर पिस्टन पुन्हा आत गेला पाहिजे. नाहीतर कॅलिपर डिस्कवर चढतच नाही.

पुढच्या चाकांसाठी मी साधा सी-क्लॅम्प वापरतो. जुना पॅड पिस्टनच्या तोंडावर ठेवायचा, क्लॅम्पचा स्क्रू त्यावर टेकवायचा, दुसरं टोक कॅलिपरच्या पाठीला लावायचं आणि सावकाश आवळायचं. मधल्या पॅडमुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. काहीजण स्क्रू ड्रायव्हर खुपसून पिस्टन तिरपा ढकलतात. त्यानं पिस्टनला चरा पडतो, भोवतालचं रबरी बूट फाटतं, मग पाणी आणि धूळ आत शिरून पिस्टन अडकू लागतो. एका कॅलिपरला दोन पिस्टन असतील, तर एक दाबला की दुसरा बाहेर येतो. तिथे दोन्ही एकदम ढकलणारं, दोन पट्ट्यांचं हत्यार चांगलं.

एवढं ज्ञान गाठीशी घेऊन मी दाजींच्या गाडीखाली जॅक लावला. त्यांच्या गाडीला मागेही डिस्क होती. क्लॅम्प लावला, आवळला. पिस्टन हलेना. मला वाटलं, गंजला असेल. क्लॅम्पच्या दांड्याला पाइप घालून जोर लावला. आतून 'कट्' असा आवाज आला आणि माझा हात जागीच थांबला.

गल्लीच्या तोंडावर एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांना बोलावून आणलं. ते वाकले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "सर, पिस्टनचं तोंड बघितलासा काय आधी?"

मी बघितलं नव्हतं. त्या तोंडावर समोरासमोर खाचा होत्या. पुढच्या पिस्टनचं तोंड पोकळ वाटीसारखं गुळगुळीत असतं. तो सरळ दाबायचा. मागच्या पिस्टनच्या पोटात मात्र पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकचा स्क्रू बसवलेला असतो. असा पिस्टन दाबता दाबता फिरवायचा असतो. नुसताच रेटला, तर आतली रचना मोडते. मी नेमकं तेच केलं होतं.

खरा प्रश्न पुढेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई, दाजी आणि दोन भाचरं चोर्ला घाटातून परतणार होती. हँडब्रेक ओढून पाहिला, तर वरवर ठीक वाटत होता. काहीतरी करून पॅड बसवता आला असता आणि माझी अब्रू राहिली असती, असा विचार क्षणभर मनात आला, हे कबूल करतो. पण घाटाच्या उतारावर थांबलेली गाडी आणि आत बसलेली मुलं डोळ्यांसमोर आली. तसाच आत गेलो आणि दाजींना सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "घाटात कळण्यापेक्षा अंगणात कळलं, ते बरं." कॅलिपर बदलावा लागला, मुक्काम दोन दिवसांनी वाढला आणि खर्च मी केला.

दुसऱ्या बाजूचा पिस्टन मिस्त्रींनी माझ्याकडूनच फिरवून घेतला. त्यासाठी सहा बाजूंना निरनिराळे खिळे असलेला एक लोखंडी ठोकळा मिळतो. स्वस्त असतो, पण तो खाचांत नीट बसेलच असं नाही, आणि दाब हातानंच द्यावा लागतो. त्यापेक्षा पेटीतला संच बरा. त्यात वेगवेगळ्या चकत्या असतात, आणि स्क्रू पिस्टनला दाबत दाबत फिरवतो. बहुतेक पिस्टन घड्याळाच्या काट्याप्रमाणे आत जातात, काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो. म्हणून उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही आट्यांचा संच घ्यावा. हँडब्रेक आधी सोडायचा, हे विसरू नये. बटणावर चालणारा हँडब्रेक असेल, तर गाडी आधी दुरुस्तीच्या मोडवर घ्यावी लागते. ते काम जाणकाराकडेच द्यावं.

पिस्टन कोणताही असो, तो आत जाताना ऑइल वर टाकीत चढतं. टाकी काठोकाठ असेल तर ते सांडून रंग खराब करतं. कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत ठेवू नये. आणि काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा दाबावं. नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही.

तो संच आता आमच्या घरी आहे. पण चाक काढल्यावर मी आधी हात घालतो तो टॉर्चला.