नळी निम्मी, अडथळा सोळापट!

सरबत पिताना जाड स्ट्रॉऐवजी अगदी बारीक स्ट्रॉ वापरून पाहा. ओढता ओढता गाल दुखू लागतील! असे का व्हावे? नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझ्यूय याने १८४० च्या सुमारास केला. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाहाला होणारा अडथळा दुप्पट होत नाही. तो २ × २ × २ × २, म्हणजे सोळापट होतो. हवेच्या संथ प्रवाहालाही हाच नियम लागू पडतो.

या नियमाचा फ्लूच्या लशीशी काय संबंध? तेच आता पाहू.

जळगाव-धुळ्याकडील खेड्यांत पूर्वी घरोघरी चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या जळत. काही घरांत आजही जळतात. त्या धुरात जन्म काढलेल्या आजीने विडी कधी हातातही धरलेली नसते. तरी बाजाराची पिशवी उचलली की तिला धाप लागते. धूर, तंबाखू, जिनिंगमधील कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊ शकतात. या विकारास डॉक्टर सीओपीडी म्हणतात.

फ्लूचा विषाणू हल्ला करतो तो श्वासनलिकांच्या अस्तरावरच. ते सुजते. समजा, निरोगी माणसाच्या एका श्वासनलिकेची त्रिज्या २ मि.मी. आहे आणि आजीच्या श्वासनलिकेची १ मि.मी. दोघांनाही फ्लू झाला व नळीच्या आत सर्व बाजूंनी अर्धा मि.मी. सूज आली. निरोगी नळीची त्रिज्या १.५ मि.मी. उरली, अडथळा सुमारे तिप्पट झाला. आजीच्या नळीची त्रिज्या अर्धा मि.मी. उरली, अडथळा सोळापट झाला! तोही आधीच्या सोळापटीवर, म्हणजे निरोगी नळीच्या २५६ पट! फुप्फुसातील नळ्या सरळ व गुळगुळीत नसतात, म्हणून हे गणित ढोबळच समजावे. तरीही, जो फ्लू तुम्हाला चार-आठ दिवस अंथरुणात ठेवतो, तोच आजीला रुग्णालयात का नेतो, हे त्यावरून कळते.

म्हणूनच अशा रुग्णांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. दरवर्षी का? हा विषाणू आपल्या पृष्ठभागावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलतो. त्यामुळे लसही बदलावी लागते. दंडात टोचण्याच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, क्वचित कणकण येईल. लस पूर्ण संरक्षण देते असे मात्र नाही. बँकॉकमध्ये सीओपीडीच्या १२५ रुग्णांवर केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लशीमुळे फ्लूचे श्वसनविकार सुमारे ७६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले.

महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात बळावतो आणि लशीचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा एप्रिल-मे हा काळ सोयीचा. तुमच्या घरी धाप लागणारे कोणी असेल, तर सुट्टीतच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा व लशीविषयी विचारा.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा : सूज केवळ ०.२ मि.मी. असेल, तर दोन्ही नळ्यांतील अडथळा किती पट वाढेल?