लाभांश किती, यापेक्षा वाढतो किती?

वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर ‘कंपनीकडून 500 टक्के लाभांश’ अशी ओळ दिसली की नवख्या गुंतवणूकदाराचे डोळे विस्फारतात. हे टक्के शेअरच्या दर्शनी किमतीवरचे असतात. दर्शनी किंमत 1 रुपया असेल तर 500 टक्के म्हणजे 5 रुपये. तोच शेअर बाजारात 1,000 रुपयांना मिळत असेल, तर आपल्या पैशांवरचे उत्पन्न झाले अर्धा टक्का. शेअर रजिस्ट्रारच्या कचेरीत माझी सगळी नोकरी झाली आणि हा हिशेब मी भागधारकांना वर्षानुवर्षे समजावून सांगत आले.

रजिस्ट्रार म्हणजे कंपन्यांच्या भागधारकांची दप्तरे सांभाळणारी संस्था. कोणाच्या नावावर किती शेअर, वारस कोण, लाभांश पोहोचला की नाही, हे सगळे तिच्याकडे. लाभांश थेट बँकेत जमा होऊ लागण्याआधी डिव्हिडंड वॉरंट छापून टपालाने जात. उजवीकडे बँकेत भरायचा धनादेश, डावीकडे फाडून ठेवायचा भाग: फोलिओ क्रमांक, शेअरची संख्या, प्रतिशेअर दर, कापलेला कर, निव्वळ रक्कम. जुलै ते सप्टेंबर हा वार्षिक सभांचा हंगाम, तेव्हा टेबलावर या वॉरंटांचे गठ्ठे असत. एकाच फोलिओची पाच-दहा वर्षांची पाने उलटली की प्रतिशेअर दराचा रकाना बोलू लागे. काही कंपन्यांचा दर दरवर्षी आठ आणे, रुपया असा सरकत वर जाई. काहींचा एका वर्षी घसघशीत, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी कोरा. कोणती कंपनी कशी चालली आहे, हे ताळेबंद न उघडताही त्या रकान्यावरून बरेचसे कळे.

आज म्युच्युअल फंडांच्या गर्दीत ‘डिव्हिडंड’ शब्द असलेल्या योजना शोधणाऱ्यांना मला तोच रकाना दाखवायचा आहे. लाभांश आज किती मिळतो हा दुय्यम प्रश्न. तो वाढतो का आणि कशाच्या जोरावर वाढतो, हा खरा प्रश्न.

वाढीमागचा हात

कंपनीला झालेल्या नफ्याचे दोन वाटे होतात. एक धंद्यात परत जातो, दुसरा भागधारकांना मिळतो. नफा कागदावर फुगवून दाखवता येतो. घसाऱ्याचा दर बदलून किंवा येणी फुगवून तो काही काळ सजवता येतो. लाभांश मात्र रोख द्यावा लागतो. कर्ज काढून किंवा राखीव गंगाजळी उपसून एखाद-दोन वर्षे तो देता येईल, पण दहा वर्षे वाढता लाभांश द्यायचा तर धंद्यातून खरेच रोकड यावी लागते.

हार्वर्डचे प्राध्यापक जॉन लिंटनर यांनी 1956 मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या संचालकांशी बोलून एक निरीक्षण मांडले. लाभांश एकदा वाढवला की तो पुन्हा कमी करणे कंपन्यांना फार जड जाते, म्हणून वाढलेला नफा टिकेल अशी खात्री पटल्याशिवाय संचालक लाभांशाला हात लावत नाहीत. वाढत्या लाभांशाचे मोल इथे आहे. कंपनीला आतून ओळखणाऱ्या माणसांनी पुढच्या वर्षांविषयी दिलेला तो रोख कौल असतो.

आकड्यांत बघू. दोन शेअर आहेत, दोघांचा भाव 100 रुपये. पहिला दरवर्षी 6 रुपये देतो आणि तिथेच थांबतो. दुसरा आज फक्त 2 रुपये देतो, पण दरवर्षी त्यात 12 टक्के वाढ करतो. दहा वर्षांनी दुसऱ्याचा लाभांश 6 रुपये 20 पैशांवर पोहोचतो, पंधरा वर्षांनी 11 रुपयांच्या जवळ. पहिल्याचे 6 रुपये तिथेच असतात आणि महागाई 5 टक्के धरली तर दहा वर्षांनी त्यांची किंमत आजच्या 3 रुपये 70 पैशांएवढी उरते. शिवाय ज्या कंपनीचा लाभांश टिकून वाढतो तिचा नफाही वाढत असतो, आणि शेअरचा भाव दीर्घकाळात नफ्याच्या मागोमाग जातो.

12 टक्के हा हवेतला आकडा नाही. 1981 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचा प्रतिशेअर लाभांश 2020-21 या आर्थिक वर्षात 27 रुपये होता. पुढे तो 31, 34, 38 आणि 2024-25 मध्ये 43 रुपये झाला. 2023-24 मध्ये 8 रुपयांचा विशेष लाभांश मिळाला तो वेगळा. चार वर्षांतली ही वाढ सरासरी 12 टक्क्यांच्या थोडी वर पडते. याच्या शेजारी वेदांताचे आकडे ठेवा. 2022-23 मध्ये कंपनीने प्रतिशेअर एकूण 101 रुपये 50 पैसे दिले. तेव्हाच्या भावाशी ताडून पाहिले तर उत्पन्न 30 टक्क्यांच्या घरात जाते. पुढच्या वर्षी रक्कम 29 रुपये 50 पैशांवर आली. धातू, तेल, कोळसा यांच्या धंद्यात भाव चढले की पैशांचा पूर येतो आणि उतरले की ओसरतो, त्यामुळे अशा कंपन्यांचा लाभांश वरखाली होणारच. फक्त त्या एका वर्षाचे 30 टक्के पाहून जो शिरतो, त्याच्या अपेक्षा चुकतात.

भारी उत्पन्नाला आणखी एक बाजू असते. लाभांशाला भावाने भागून उत्पन्नाचा दर निघतो. भाव निम्मा झाला की दर आपोआप दुप्पट दिसतो. बाजाराने एखाद्या कंपनीवरचा विश्वास काढून घेतलेला असतो आणि यादीत ती सगळ्यात वर झळकत असते.

अमेरिकेतली रीत, आपल्याकडची रीत

हा धोका ओळखूनच अमेरिकेत ‘डिव्हिडंड ग्रोथ’ हा गुंतवणुकीचा स्वतंत्र प्रकार रुजला. तिथल्या ‘डिव्हिडंड अ‍ॅरिस्टोक्रॅट्स’ यादीत यायचे तर एस अँड पी 500 मधल्या कंपनीने सलग किमान 25 वर्षे लाभांश वाढवलेला असावा लागतो. व्हॅन्गार्डचा 2006 पासूनचा डिव्हिडंड अ‍ॅप्रिसिएशन हा ईटीएफ ज्या निर्देशांकावर चालतो, त्याची अट सलग 10 वर्षे वाढ ही आहे. त्यात बसणाऱ्या कंपन्यांतून सर्वांत जास्त उत्पन्न देणाऱ्या वरच्या 25 टक्के कंपन्या मुद्दाम गाळल्या जातात. लाभांशाच्या नावाचा फंड सर्वाधिक लाभांश देणाऱ्यांनाच दार बंद करतो, यातच या विचाराचे सार आले.

आपल्याकडे बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2017 मध्ये म्युच्युअल फंडांची वर्गवारी ठरवली, तिच्यात ‘डिव्हिडंड यील्ड’ असा वर्ग आहे, पण ‘वाढता लाभांश’ असा स्वतंत्र वर्ग नाही. आदित्य बिर्ला सन लाइफ, यूटीआय, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, एचडीएफसी अशा अनेक घराण्यांच्या डिव्हिडंड यील्ड योजना आहेत. नाव एक असले तरी प्रत्येकीची चाळणी वेगळी. कुठे निफ्टीपेक्षा जास्त उत्पन्न असा निकष, तर कुठे गेल्या तीन आर्थिक वर्षांत एकदा तरी लाभांश दिलेला असला की पुरे. दुसरी चाळणी इतकी मोठ्या भोकांची आहे की तिच्यातून बहुतेक मोठ्या कंपन्या आत येतात. त्यामुळे योजनेचे माहितीपत्रक उघडून ‘लाभांश देणारी कंपनी’ याची व्याख्या तिथे काय केली आहे, ते वाचायलाच हवे.

भारतात अमेरिकेसारख्या पन्नास-पन्नास वर्षांच्या अखंड मालिका शोधू नयेत. आपल्याकडे लाभांश साधारण नफ्याच्या ठरावीक हिश्शाने दिला जातो, त्यामुळे नफा घटला की तोही घटतो. कधी नियामकच थांबवतो: कोविडच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, रिझर्व्ह बँकेने बँकांना 2019-20 चा लाभांश देण्यास मनाई केली. सरकारी कंपन्यांचे गणित आणखी निराळे. नोव्हेंबर 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांनी करोत्तर नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 4 टक्के, यांतली मोठी रक्कम लाभांश म्हणून द्यायची आहे. तो पैसा मिळतो हे खरे, पण त्यामागे धंद्याची वाढ किती आणि तिजोरीची गरज किती, हे तपासावे लागते.

सगळ्यात मोठी गल्लत

फंडाविषयी विचारणाऱ्यांत मला सर्वाधिक भेटणारा गैरसमज असा: ‘डिव्हिडंड फंड घेतला, आता दरमहा पैसे येतील.’ लाभांश देणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूक करणारी योजना ही एक गोष्ट, आणि कोणत्याही योजनेत मिळणारा पैसे वाटपाचा पर्याय ही अगदी दुसरी गोष्ट. योजनेची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 50 रुपये असताना तिने युनिटमागे 2 रुपये वाटले तर एनएव्ही 48 वर येते. आपल्या एका खिशातले दुसऱ्या खिशात आले, इतकेच. लोकांची ही फसगत थांबावी म्हणून सेबीने एप्रिल 2021 पासून या पर्यायाचे नावच बदलायला लावले. अर्जावर आता ‘आयडीसीडब्ल्यू’ असे दिसते, म्हणजे उत्पन्नाचे वाटप आणि सोबत भांडवलाची उचल.

करातही मोठा फरक पडतो. 1 एप्रिल 2020 पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्याच्या माथी आला. तुमच्या उत्पन्नात तो मिळवला जातो आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात 100 पैकी 70 रुपयेही उरत नाहीत. एका कंपनीकडून किंवा फंडाकडून वर्षात 10,000 रुपयांहून अधिक आले तर 10 टक्के कर आधीच कापला जातो. फंडाला कंपन्यांकडून मिळणाऱ्या लाभांशावर मात्र फंडाच्या पातळीवर कर नाही. काहीच वाटप न करणाऱ्या ‘ग्रोथ’ पर्यायात ती रक्कम पूर्ण स्वरूपात पुन्हा गुंतते आणि चक्रवाढीला लागते. कर येतो तो युनिट विकल्यावर: एक वर्षाहून जास्त काळ ठेवले असतील तर वर्षाला 1 लाख 25 हजारांपर्यंतचा नफा मोकळा आणि त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. वाढत्या लाभांशाच्या कंपन्या शेअर बाजारातून सुट्या न घेता फंडातून घ्याव्यात, याचे सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. नियमित पैसे हवे असतील तर ग्रोथ पर्यायातूनच दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची सोय घ्यावी. त्यात काढलेल्या रकमेतल्या फक्त नफ्याच्या भागावर कर बसतो.

मर्यादा ओळखून

हा शेवटी शेअर बाजारच आहे. जानेवारी 2020 मध्ये 12,300 च्या पुढे असलेला निफ्टी 23 मार्चला 7,600 च्या आसपास बंद झाला, तेव्हा लाभांश देणारे आणि न देणारे सगळेच कोसळले. तेजीच्या भरात नव्या, लाभांश न देणाऱ्या कंपन्या पुढे पळतात आणि असे फंड मागे राहिल्यासारखे वाटतात. लाभांश हा चांगल्या धंद्याचा एकमेव पुरावाही नाही. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने त्यांच्या हाती आल्यापासून एकदाच, 1967 मध्ये, लाभांश दिला, कारण तो पैसा धंद्यात जास्त कमावतो अशी त्यांची धारणा होती. लाभांशाची चाळणी लावली की अशा कंपन्या आपल्या हातून सुटतात, हे मान्य करूनच या वाटेला जावे. दीर्घकाळ वाढता लाभांश देणाऱ्याही अडखळतात: अमेरिकेतल्या थ्री-एमने साठहून अधिक वर्षांची वाढ 2024 मध्ये मोडली. फंडात असे नाव एक असते, सोबतीला चाळीस-पन्नास दुसरी असतात, म्हणून धक्का सोसवतो.

मग निवड कशी करायची? प्रत्येक फंड दर महिन्याला आपल्याकडचे शेअर जाहीर करतो. त्यातली पहिली दहा नावे वहीत लिहा. प्रत्येकाचा गेल्या दहा वर्षांतला प्रतिशेअर लाभांश शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतो, तो नावापुढे मांडा. बोनस किंवा विभाजन झाले असेल तर आकडे त्या प्रमाणात जुळवून घ्या. मग लाभांशाला प्रतिशेअर नफ्याने भागा. नफ्याचा तीस ते साठ टक्के हिस्सा वाटून लाभांश वाढत असेल तर पुढेही वाढायला जागा आहे. शंभर टक्क्यांच्या वर वाटप होत असेल तर कंपनी गंगाजळी खात आहे. माहिती तंत्रज्ञानासारख्या कमी भांडवलात चालणाऱ्या धंद्यात वाटपाचे प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त असले तरी चालते. दहापैकी सात नावांचा रकाना चढता दिसला तर त्या फंडाला वाढत्या लाभांशाचा म्हणायला हरकत नाही, मग त्याच्या नावात डिव्हिडंड शब्द असो वा नसो. त्यानंतर खर्चाचे प्रमाण पहा. जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचा ‘डायरेक्ट’ प्लॅन मिळतो, त्यात दलालीचा भार नसतो; दरवर्षी वाचलेला अर्धा-एक टक्का पंधरा वर्षांत फार मोठी रक्कम होते.

निवृत्तांना माझे कळकळीचे सांगणे आहे. दोन-तीन वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची तरतूद आधी बँकेत किंवा पोस्टात ठेवा, त्या पैशाला या फंडाकडे फिरकू देऊ नका. जो पैसा सात-दहा वर्षे लागणार नाही, तोच इथे द्या आणि तोही हप्त्याहप्त्याने. तरुणांना हे सांगणे त्याहून सोपे आहे, कारण त्यांच्याकडे वर्षे आहेत. 2 रुपयांचे 6 व्हायला दहा वर्षे लागतात आणि 6 चे 11 व्हायला पुढची पाचच. जो पहिली दहा वर्षे टिकतो, त्यालाच ती पाच मिळतात.