भिंतीतील लोखंडी नळी आणि तिचा भूसंपर्क

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील माळवदाच्या जुन्या घरांत विजेच्या तारा लाकडी पट्टीवरून, सर्वांच्या डोळ्यांसमोरून जात असत. पट्टी ओबडधोबड दिसे. परंतु तार कोठून कोठे गेली आहे हे घरातील पोरासही ठाऊक असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंतींवरील भरवसा उडाला. त्यानंतर विटा, सिमेंट व काँक्रीट यांची घरे खेडोपाडी वाढत गेली, आणि तारा भिंतीच्या पोटात शिरल्या. घर नीटनेटके दिसू लागले हे खरे. तथापि जी वस्तू दिसत नाही तिच्याविषयीची सावधगिरीही हळूहळू नाहीशी होते. कोणी दिनदर्शिका टांगण्यासाठी, कोणी लग्नघरी तोरण बांधण्यासाठी खिळा ठोकतो, आणि तो नेमका तारेवर जातो.

अशा आघातापासून तारेचे रक्षण व्हावे म्हणून ती लोखंडी नळीतून नेण्याची पद्धत आहे. वायरमन या नळीस कंड्युट म्हणतात. नळी खिळ्यास पुष्कळदा अडविते, परंतु नेहमीच अडवील असे नाही. यंत्राने भोक पाडीत असता तर ती सहज भेदली जाते. म्हणून नळीचे खरे काम तिच्या जाडीइतकेच तिच्या भूसंपर्कावर अवलंबून असते. खिळा नळी भेदून आतील फेजच्या तारेस टेकला म्हणजे फेज व नळी एकमेकांस जोडली जातात. नळी जमिनीशी नीट जोडलेली असेल तर मोठा प्रवाह जमिनीत जातो व फ्यूजची तार तत्काळ वितळते. जोडलेली नसेल तर काहीच घडल्यासारखे दिसत नाही. दिवे चालू राहतात, पंखा फिरत राहतो, आणि घरभर पसरलेली नळी, तिला लागून असलेली बोर्डाची लोखंडी पेटी, क्वचित खिडकीचे गजसुद्धा, २३० व्होल्टच्या दाबाखाली येऊन कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत बसतात.

येथे थोडे गणित करणे अवश्य आहे. जमिनीकडे जाणाऱ्या मार्गाचा एकूण रोध ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह वाहील व ५ अँपिअरचा फ्यूज क्षणार्धात जाईल. रोध ५० ओहम असेल तर प्रवाह अवघा ४.६ अँपिअर होईल; फ्यूज जाणार नाही, १६ अँपिअरची एमसीबी तर हलणारही नाही. अर्थिंग केले आहे असे घरधनी समजत असतो, आणि वस्तुतः नळी जिवंत असते. अर्थिंग मुळीच नसलेल्या घराहून हे घर कितपत अधिक सुरक्षित, हा प्रश्नच आहे.

हा रोध मुख्यतः मातीवर ठरतो, आणि माती ही शेतकऱ्यास वायरमनपेक्षा अधिक कळते. गोदावरी, मांजरा व तेरणा यांच्या काठची खोल काळी जमीन ओली असताना विजेस चांगली वाट देते. श्रावणात घेतलेले मोजमाप म्हणूनच समाधानकारक येते. परंतु हीच जमीन वैशाखात आक्रसते, तिला मीटरभर खोल भेगा पडतात, आणि पुरलेल्या नळीपासून माती सुटून मध्ये पोकळी राहते. ज्या भेगांनी तुरीची मुळे तुटतात त्याच भेगांनी अर्थिंगही तुटते. बालाघाटाच्या माळावर, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांत अडचण निराळी. तेथे हात-दोन हातांवर मुरूम व त्याखाली काळा पाषाण लागतो. मुरुमात ओल टिकत नाही व पाषाण विजेस जवळजवळ वाटच देत नाही. नांदेडकडील, विशेषतः किनवटच्या बाजूस, पाऊसमान लातूरहून अधिक आहे; तरी उन्हाळ्याची चाचणी तेथेही टळत नाही.

भूसंपर्काविषयीची भारतीय मानक संहिता, आय.एस. ३०४३, प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाली व १९८७ आणि २०१८ साली सुधारण्यात आली. तीनुसार पुरावयाची नळी किमान अडीच मीटर लांब असावी व घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर असावी. अडीच मीटर खोल गेल्याने भेगांच्या खालची ओल सापडते, हा या लांबीचा आपल्याकडील मोठा लाभ होय. भोवती कोळसा व मीठ भरण्याची रूढी आहे. मिठाने रोध घटतो, पण लोखंडही गंजते, हे ध्यानात ठेवावे. काही वर्षांनी खड्ड्यात नुसता गंजच उरल्याचे आढळते. खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे असे सांगणे सोपे आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे अर्थिंगला घागर ओतण्याचा उपदेश कोण ऐकणार? त्यापेक्षा खड्डा न्हाणीच्या जवळ घेऊन सांडपाण्याची ओल त्यास मिळू द्यावी. मात्र तो वाहत्या चरात नसावा, कारण वाहते पाणी मातीतील क्षार धुऊन नेते.

ज्या जमिनीत कितीही केले तरी रोध पुरेसा उतरत नाही तेथे आरसीसीबी नावाचे यंत्र बसविणे हाच भरवशाचा उपाय होय. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या सुमारे तेहतिसाव्या भागाचा, फरक पडला तरी ते वीज तोडते. ५० ओहमच्या सदोष अर्थिंगवरही ते काम करते. अर्थिंग मुळीच नसेल तर मात्र ते माणसास झटका बसल्यावरच जागे होते. म्हणून एकामुळे दुसरे अनावश्यक ठरत नाही.

एका घातक रिवाजाचा उल्लेख टाळता येत नाही. न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली की काही ठिकाणी अर्थिंगच्या तारेचाच न्यूट्रल करून दिवे व मोटर चालविली जाते. पिकास पाणी देण्याची घाई समजू शकते. परंतु ५ अँपिअर प्रवाह २० ओहम रोधाच्या अर्थिंगमधून गेला की त्या तारेवर १०० व्होल्टचा दाब उभा राहतो, आणि त्या तारेस जोडलेली घरातील प्रत्येक लोखंडी नळी तितक्याच दाबाखाली येते. ज्या नळीने रक्षण करावयाचे तीच येथे वैरीण होते.

घरातून गोठ्यात वीज नेताना बोअरची किंवा तुषार संचाची जुनी नळी जमिनीत पुरून तीतून तार ओढण्याची युक्ती सर्रास दिसते. नळी फुकट मिळते, पण तिची टोके कोठेच जोडलेली नसतात आणि आतील कडा तारेचे आवरण कापते. गोठ्याची जमीन मूत्राने सदैव ओली असते. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे, आणि हृदय त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर. त्यामुळे माणसास जेथे केवळ मुंग्या येतात तेथे जनावर कोसळते. अशी नळी घराकडील टोकास अर्थिंगच्या तारेशी पट्ट्याने घट्ट आवळून जोडावी आणि दोन्ही तोंडांस रबरी कडे बसवावे.

घरातील नळीच्या बाबतीत प्रत्येक सांधा रंग खरवडून आटेबंद करावा. मध्ये एक जरी प्लॅस्टिकचा तुकडा आला तरी पुढील नळीचा संबंध तुटतो. सध्या बहुतेक घरांत प्लॅस्टिकचीच नळी असते. तिला अर्थिंग नको, पण ती खिळाही अडवीत नाही, आणि तिच्या टोकांवरील लोखंडी पेट्यांस हिरवी तार स्वतंत्रपणे न्यावीच लागते. गवंड्याच्या थापीपासून तारेस जपण्यासाठी काही ठिकाणी नुसती पातळ पत्र्याची पट्टी ठोकतात. कोरड्या भिंतीत, पलस्तराखाली पूर्ण झाकलेल्या अशा तुकड्याबद्दल फारसे भय नसते. पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीत ती न वापरणेच बरे.

बांधून झालेल्या घरात नळी जोडलेली आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. परवानाधारक वायरमनकडून मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, यंत्राने रोध मोजून घ्यावा व तो आकडा तारखेसह बोर्डाच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. नवे घर बांधणाऱ्यांनी पलस्तरापूर्वी प्रत्येक भिंतीतील नळीचा मार्ग, जमिनीपासूनच्या उंचीसह, कागदावर काढून त्याच झाकणामागे चिकटवावा.